शहराची हद्द आधी सांगा, क्रमांक मग

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

‘अमेरिकेतील सर्वांत महत्त्वाची दहा शहरे’ या थाटाचे तक्ते आपल्या दैनिकासह बहुतेक मराठी वृत्तपत्रांत अधूनमधून येतात. त्यांत एक चूक हटकून असते. लोकसंख्या महापालिका हद्दीची घेतात, उत्पन्न महानगर क्षेत्राचे घेतात आणि सांस्कृतिक महत्त्व सिनेमात पाहिलेल्या शहराचे. तीन वेगळ्या मापांनी मोजून एकच क्रमांक काढायचा, म्हणजे किलो, लिटर आणि फूट यांची बेरीज करण्यातला प्रकार. म्हणून हे थोडे सविस्तर पत्र.

आधी हद्द. २०२० च्या जनगणनेत फ्लोरिडातील जॅक्सनव्हिलची लोकसंख्या सुमारे ९.५ लाख होती, सॅन फ्रान्सिस्कोची पावणेनऊ लाखांच्या आत आणि बोस्टनची पावणेसात लाख. मग जॅक्सनव्हिल बोस्टनहून मोठे? १९६८ मध्ये जॅक्सनव्हिल महापालिका आणि भोवतीची ड्यूव्हल काउंटी (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा प्रशासकीय विभाग) यांचा कारभार एक झाला आणि शहराची जमीन एकदम १,९०० चौरस किलोमीटरच्या घरात गेली. सॅन फ्रान्सिस्कोची आहे १२१. उलट अटलांटा शहरात माणसे जेमतेम ५ लाख, पण महानगर क्षेत्रात ६१ लाख. ठाणे, कल्याण, नवी मुंबई वगळून मुंबईचा हिशेब मांडला तर जे होईल तेच इथे होते.

महानगर क्षेत्र ठरवण्याची पद्धत ठरलेली आहे. अध्यक्षांच्या कार्यालयातील अर्थसंकल्प विभाग किमान ५० हजार वस्तीचा सलग नागरी गाभा धरतो. तो ज्या काउंट्यांत पडतो त्या मध्यवर्ती काउंट्या. शेजारच्या काउंटीतले किमान २५ टक्के नोकरदार रोज मध्यवर्ती काउंट्यांत कामाला जात असतील, किंवा तिथल्या किमान २५ टक्के नोकऱ्यांवर तिकडून येणारी माणसे असतील, तर तीही क्षेत्रात येते. या सीमांवर आर्थिक विश्लेषण विभाग दरवर्षी सकल उत्पादनाचे आकडे काढतो. तक्त्यासाठी लोकसंख्या आणि उत्पन्न दोन्ही याच क्षेत्राचे घ्यावे, म्हणजे निम्मा घोळ मिटतो.

उरलेला निम्मा मात्र याच नियमातून निघतो. सिलिकॉन व्हॅली या २५ टक्क्यांच्या गणितात दोन तुकड्यांत विभागली गेली आहे. अ‍ॅपलचे कुपर्टिनो, गूगलचे माउंटन व्ह्यू आणि एन्व्हिडियाचे सँटा क्लारा हे सॅन होजे क्षेत्रात मोडतात, तर मेटाचे मेन्लो पार्क सॅन फ्रान्सिस्को क्षेत्रात. सुटी मोजली तर ही दोन्ही क्षेत्रे शिकागोच्या मागे दिसतात. एकत्र धरली की २०२२ चे उत्पादन १ लाख कोटी डॉलरच्या पुढे जाते आणि शिकागो मागे पडतो. लॉस एंजेलिसचेही तसेच. लॉस एंजेलिस आणि लाँग बीच या एकमेकांना खेटून असलेल्या बंदरांनी २०२१ मध्ये मिळून सुमारे २ कोटी कंटेनर (वीस फुटी एककात) हाताळले. त्या मालाची अवाढव्य गोदामे मात्र पूर्वेकडच्या रिव्हरसाइड–सॅन बर्नार्डिनो क्षेत्रात आहेत, आणि ते क्षेत्र वेगळे मोजले जाते. अशा वेळी ‘संयुक्त क्षेत्र’ नावाचा, १५ टक्क्यांच्या ये-जा निकषावर आधारलेला मोठा गट वापरावा आणि वापरला तर तसे छापावे.

दुसरा घोळ नावाचा. काम एकीकडे चालते, नाव दुसरीकडे. न्यूयॉर्क स्टॉक एक्स्चेंजची घंटा वॉल स्ट्रीटवर वाजते. खरेदी-विक्रीचे सौदे जुळवणारे संगणक न्यू जर्सीतील माह्वाला आहेत, नॅसडॅकचे कार्टरेटला. न्यूयॉर्क बंदराचा बहुतांश कंटेनर व्यवहारही न्यू जर्सीतील नेवार्क–एलिझाबेथ धक्क्यांवर चालतो. २६ एप्रिल १९५६ रोजी ‘आयडियल एक्स’ हे जहाज ५८ कंटेनर पेट्या घेऊन नेवार्कहून ह्यूस्टनला निघाले आणि मॅनहॅटनच्या गोद्यांचे दिवस भरले; पेट्या रचायला लागणारी मोकळी जमीन तिथे नव्हतीच. बोइंगने मुख्यालय २००१ मध्ये सिएटलहून शिकागोला आणि २०२२ मध्ये व्हर्जिनियातील आर्लिंग्टनला हलवले, विमानांची जोडणी मात्र सिएटलजवळच्या रेंटन आणि एव्हरेटमध्ये चालूच राहिली. म्हणून नुसती मुख्यालये मोजून शहराचे वजन ठरवू नये. हार्वर्ड आणि एमआयटी बोस्टनमध्ये नाहीत, नदीपलीकडच्या केंब्रिजमध्ये आहेत. डिस्ने आणि वॉर्नरचे स्टुडिओ बरबँकमध्ये आहेत, सोनीचा कल्व्हर सिटीत. बड्या स्टुडिओंपैकी खुद्द हॉलीवूडमध्ये टिकला तो पॅरामाउंट. आणि ‘मुलगा न्यूयॉर्कला असतो’ असे सांगणाऱ्या मराठी घरांतली कितीतरी मुले प्रत्यक्षात एडिसन, न्यू जर्सी इथे असतात.

संस्कृतीचे मोजमाप आणखी अवघड. ब्रॉडवे म्हणजे रस्ता नव्हे, ४१ नाट्यगृहांचा गट. त्यांतल्या बहुतेकांचे दार त्या रस्त्यावर उघडतही नाही. आसने किमान ५०० हवीत, ४९९ झाली की शेजारच्या गल्लीतले तसेच नाट्यगृह ‘ऑफ-ब्रॉडवे’ ठरते. २०१८-१९ च्या हंगामात या गटाचा गल्ला सुमारे १८३ कोटी डॉलर होता. न्यूयॉर्क महानगराच्या उत्पादनापुढे हा जेमतेम हजारात एक भाग. गल्ल्यावर जायचे तर ब्रॉडवे बिनमहत्त्वाचा ठरेल.

पैसा असेल तिथे संस्कृती फुलते हे गृहीतकही टिकत नाही. हिप-हॉपचा जन्म ११ ऑगस्ट १९७३ च्या ब्राँक्समधल्या एका पार्टीपासून मानतात, आणि ब्राँक्स तेव्हा न्यूयॉर्कचा सर्वांत गांजलेला भाग होता. दोन वर्षांनी खुद्द महापालिका दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आली. डेट्रॉइटचे उदाहरण याहून बोलके आहे. १९५० मध्ये साडेअठरा लाख वस्ती, २०२० मध्ये ६ लाख ३९ हजार. १९५९ मध्ये तिथे सुरू झालेली मोटाउन ही रेकॉर्ड कंपनी १९७२ मध्ये लॉस एंजेलिसला गेली. जुलै २०१३ मध्ये महापालिकेने दिवाळखोरी जाहीर केली तेव्हा कलासंग्रहालयातील चित्रे विकावीत अशी धनकोंची मागणी होती, कारण ती महापालिकेच्या मालकीची होती. दिएगो रिव्हेराने १९३२-३३ मध्ये तिथल्या भिंतींवर रंगवलेले मोटार कारखान्याचे भव्य चित्र त्याच इमारतीत आहे. अखेर प्रतिष्ठाने, राज्य सरकार आणि देणगीदारांनी मिळून सुमारे ८१ कोटी डॉलर महापालिका कर्मचाऱ्यांच्या निवृत्तिवेतनासाठी देऊ केले आणि संग्रह वेगळ्या न्यासाकडे सोपवून वाचवला. अशा शहराला तक्त्यात एकच क्रमांक कसा द्यायचा?

कधी सरकारी सवलतही नकाशा बदलते. जॉर्जिया राज्य २००८ पासून चित्रीकरणाच्या खर्चावर ३० टक्क्यांपर्यंत करसवलत देते. त्यातले १० टक्के राज्याचे बोधचिन्ह श्रेयनामावलीत दाखवले तर मिळतात. परिणामी पडद्यावर दिसणारे न्यूयॉर्क कित्येकदा अटलांटातले असते.

आता शिकागो. मराठी तक्त्यांत त्याची ओळख १८९३ च्या सर्वधर्म परिषदेवर आणि उंच इमारतींवर संपते. आमच्या मते महाराष्ट्राच्या दृष्टीने न्यूयॉर्कपेक्षा याच शहराची दखल आधी घ्यायला हवी. अमेरिकेतील सहाही बड्या मालवाहू रेल्वे कंपन्या तिथे एकत्र येतात. १८४८ मध्ये स्थापन झालेले शिकागो बोर्ड ऑफ ट्रेड, म्हणजे आपल्या बाजारभावाच्या पानावरचे ‘सीबॉट’, सोयाबीन, मका आणि गव्हाचे वायदे, म्हणजे पुढच्या महिन्यांतल्या मालाचे आजच ठरणारे सौदे, चालवते. ते २००७ पासून सीएमई या शिकागोतल्याच वायदेबाजारांच्या समूहात आहे. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कचा खनिज तेलाचा वायदेबाजारही याच समूहाने घेतला. त्या तेलाची प्रत्यक्ष सुपूर्तता होते ओक्लाहोमातील कुशिंग या छोट्या गावात. २० एप्रिल २०२० रोजी तिथल्या टाक्यांत जागा मिळेना, तेव्हा तेलाचा भाव पिंपाला उणे ३७.६३ डॉलर झाला आणि मुंबईच्या एमसीएक्स या वायदेबाजारात सौदे उणे २,८८४ रुपयांनी मिटवावे लागले. लोकसंख्येच्या कुठल्याही तक्त्यात कुशिंग सापडणार नाही.

सोयाबीनचेही तेच. भाव शिकागोच्या नावाचा, सुपूर्तता इलिनॉय नदीकाठच्या गोदामांतून, निर्यातीचा मोठा भाग न्यू ऑर्लिन्सजवळच्या धक्क्यांवरून. २०२२ च्या शरद ऋतूत मिसिसिपीचे पाणी उतरले, बार्जेस (मालवाहू सपाट होड्या) अडकल्या आणि नदीवरचे भाडे कडाडले. शिकागोचा भाव आणि शेतकऱ्याच्या हातात पडणारा भाव यांतले अंतर वाढले. लातूरच्या बाजारात ‘शिकागो वाढले, इथे का नाही?’ असे विचारले जाते, त्याच्या उत्तराचा एक भाग या अंतरात आणि दुसरा आपल्या आयात शुल्कात असतो.

म्हणून संपादकांना एक विनंती. सीबॉटचा भाव छापताना तो रूपांतर करून छापावा. सोयाबीनचा भाव सेंट प्रति बुशेल असतो. एक बुशेल सोयाबीन म्हणजे ६० पौंड, २७.२ किलो, क्विंटलला ३.६७४ बुशेल. म्हणजे १,००० सेंटचा भाव क्विंटलला ३६.७४ डॉलर, आणि डॉलर ८५ रुपये धरला तर सुमारे ३,१२३ रुपये. मक्याचे बुशेल ५६ पौंडांचे, तिथे हा गुणक लावू नये. पेंडीचा भाव अमेरिकी ‘शॉर्ट टन’चा, म्हणजे ९०७ किलोंचा असतो, तो आपला टन समजून छापला की पेंड सुमारे नऊ टक्के स्वस्त दिसते. सोयातेलाचा भाव सेंट प्रति पौंड. शिवाय कोणत्या महिन्याचा वायदा ते अवश्य द्यावे, कारण जुलैचा भाव जुन्या पिकाचा आणि नोव्हेंबरचा नव्या पिकाचा. दोन दिवशी दोन वेगळे महिने छापले गेले, तर बाजार जागचा हलला नसतानाही वाचकाला तेजी-मंदी दिसते.

आपले,
अर्थशास्त्र व भूगोलाचे दोन अध्यापक, लातूर