चौकटीतला इतिहास बंद करू नका

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात पत्रांच्या पानावर एका वाचकांनी लिहिलं होतं की रविवारच्या पुरवणीत इतिहासाच्या गमतीजमतींची जी चौकट येते ती बंद करा, त्यानं पोरांना इतिहास म्हणजे क्विझ वाटायला लागलाय, खरा इतिहास जाड पुस्तकात असतो वगैरे वगैरे. मी त्या चौकटीचा पक्का गिऱ्हाईक आहे, पेपर आला की अग्रलेखाच्या आधी तीच वाचतो, त्यामुळं चार ओळी लिहाव्या म्हणलं.

जाड पुस्तकाबद्दल माझं भांडण नाही. पण ते पुस्तक हातात घ्यायला माणसाला काहीतरी निमित्त लागतं की ओ. आता आपल्या बार्शी लाइट रेल्वेचं बघा. कुर्डुवाडीहून बार्शीला जाणारी अडीच फुटी नॅरोगेज, १८९७ ला सुरू झाली, पुढं १९०६ ला पंढरपूरपर्यंत गेली, जिल्ह्यातल्या जुन्या माणसांपुढं नुसतं नाव काढा, तासभर सुटका नाही. ती बांधणारा इंजिनियर एव्हरार्ड कॅल्थ्रॉप. आणि ह्याच माणसानं नंतर विमानातनं उडी मारायचं पॅराशूट बनवलं, नाव 'गार्डियन एंजल'. बार्शीची गाडी आणि पॅराशूट एकाच डोक्यातनं निघालं! चौकटीत मावेल एवढीच गोष्ट, पण वाचून कोण गप बसणार? रेल्वेवाल्याला पॅराशूट कशाला सुचलं बे, हे आपोआप तोंडात येतं. तर त्याचा मित्र चार्ल्स रोल्स, तो रोल्स-रॉइसमधला, १९१० साली विमान कोसळून गेला. मग पुढचा प्रश्न, ते पॅराशूट वापरलं का कुणी? पहिल्या महायुद्धात शत्रूच्या हद्दीत हेर उतरवायला वापरलं, पण स्वतःच्या वैमानिकांना ते द्यायला ब्रिटिश सरकार युद्ध संपत येईपर्यंत तयार नव्हतं. आणि रेल्वेकडं परत आलात तर तिथंही डोकं तेच, एका आसावर पाच टनाच्या वर भार पडूच द्यायचा नाही, तेवढा भार सगळ्या डब्या-इंजिनांना सारखा वाटून टाकायचा, म्हणजे हलके रूळ चालतात आणि खर्च कमी येतो, म्हणून तर मोठ्या रेल्वेला न परवडणाऱ्या भागात गाडी गेली. एका ओळीवरनं माणूस कुठल्या कुठं पोचला बघा, आणि कुणी मारून मुटकून वाचायला लावलेलं नाही.

दुसरं आपल्या भुईकोटाचं. सोलापूरचा किल्ला हुंड्यात ठरलाय, ते पण एकदा नाही. १५२४ ला अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाचं लग्न विजापूरच्या इस्माईल आदिलशहाच्या बहिणीशी झालं, लग्नात सोलापूर द्यायचं ठरलं होतं म्हणे, आणि नंतर विजापूरकर म्हणाले आम्ही असं काही कबूलच केलं नव्हतं. त्यावरनं दोन घराण्यांत चाळीस वर्षं मारामाऱ्या. मग उलट बाजूनं हिशेब, नगरची चांदबिबी विजापूरच्या अली आदिलशहाला दिली तेव्हा हुंड्यात परत सोलापूरच. ह्या सोयरिकीतनं भांडण मिटलं, सुलतान एक झाले आणि १५६५ च्या जानेवारीत तालिकोटला विजयनगरचं सैन्य मोडलं. संध्याकाळी तळ्याकाठी किल्ल्याच्या भिंतीला टेकून भेळ खाणाऱ्या किती जणांना हे माहीत असेल? शाळेत आम्हाला तालिकोट सनावळीत पाठ करायला लावलं, सोलापूरचं नावसुद्धा काढलं नाही कुणी. हुंड्याची गोष्ट आधी सांगितली असती तर सन आपोआप लक्षात राहिला असता, असं माझं ठाम मत आहे.

कडक भाकरी आणि शेंगाचटणीवर आपण एवढा जीव टाकतो, पण ज्वारी मूळची आफ्रिकेची, शेंगा दक्षिण अमेरिकेतल्या आणि मिरची पण अमेरिकेतनं पोर्तुगीजांबरोबर आलेली. म्हणजे हुंड्यात किल्ला मागणाऱ्या त्या बुऱ्हाणशहाच्या ताटात आपली चटणी बहुतेक नसणारच. असो, जेवणाच्या वेळी घरात हे काढू नये, ताट थंड होतं आणि बायको चिडते.

पण मला त्या वाचकांचं एक म्हणणं पटतं. सगळे किस्से सारख्या लायकीचे नसतात. युनेस्कोनं आपलं राष्ट्रगीत जगात बेस्ट ठरवलं, चीनची भिंत चंद्रावरनं दिसते, असलं जे व्हॉट्सॲपवर सकाळी गुड मॉर्निंगच्या फुलांबरोबर येतं त्याला मी इतिहास म्हणायला तयार नाही, दोन्ही धडधडीत खोटं आहे. माझी आपली साधी पारख अशी की किस्सा वाचला की विचारायचं, हे सांगितलं कुणी आणि त्याला कळलं कसं. खरा असेल तर तिथनं पुढं वाट निघते, खोटा असेल तर 'फॉरवर्ड आलाय' ह्याच्या पुढं कुणी जात नाही. महाराजांच्या राज्याभिषेकाला ईस्ट इंडिया कंपनीचा वकील हेन्री ऑक्झेंडन आपल्या माणसांबरोबर रायगडावर आला होता, त्या इंग्रजांना रोजच्या खिचडी-तुपावर करमेना म्हणून त्यांना मटण पुरवायला लागलं, आणि तो म्हातारा खाटीक गड चढून मुद्दाम ही माणसं बघायला वर आला, कारण त्याचं कित्येक वर्षांत खपलं नसेल एवढं मटण ह्यांनी थोड्या दिवसांत उडवलं होतं. हे जॉन फ्रायर नावाच्या त्याच काळातल्या इंग्रज डॉक्टरनं आपल्या प्रवासवर्णनात लिहून ठेवलंय. त्या एका खाटकाच्या गोष्टीतनं गडावरची माणसं काय खात होती ते जेवढं कळतं तेवढं दहा पोवाड्यांतनं मला कळलं नाही. हुंड्याची गोष्ट पण फरिश्ता नावाच्या जुन्या इतिहासकाराच्या तवारिखेत आहे, तो नगर आणि विजापूर दोन्ही दरबारात नोकरी केलेला माणूस, म्हणजे थोडं इकडचं तिकडचं असणारच, पण निदान कुणाला धरायचं ते तरी कळतं.

आणि काही गोष्टी चौकटीत कापून बसवू नयेत. दर मे महिन्यात 'सोलापूर तीन दिवस स्वतंत्र होतं' अशी ओळ फिरते, तुमच्याकडं पण आली होती. ऐकायला भारी वाटतं, छाती फुगते. पण १९३० ला गांधीजींना अटक झाल्यावर इथं गोळीबार झाला, माणसं गेली, त्यानंतर गावात मार्शल लॉ लागला, गांधी टोपी घालणं गुन्हा ठरला, आणि मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन ह्या चौघांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिली. तीन दिवस ठेवायचे आणि फाशी गाळायची, हे बरोबर नाही. अशा विषयाला सरळ अर्धं पान द्या, नाहीतर त्या रविवारी चटणीवर लिहा.

तर विनंती एवढीच की चौकट चालू ठेवा, पण प्रत्येक किश्शाखाली एक ओळ बारीक अक्षरात टाका की हे कुठल्या पुस्तकात, कुठल्या कागदात आहे. जागा लागत नाही, 'अंगावर काटा आणणारा इतिहास' हे मथळ्यातले शब्द काढलेत की तेवढी जागा होते. म्हणजे ज्याला जाड पुस्तक पाहिजे त्याला वाचनालयात जाऊन नेमकं काय मागायचं ते कळेल, त्या वाचकांचं पण समाधान होईल. आणि जिल्ह्यातलं जास्त येऊ द्या. औरंगजेब मंगळवेढ्याजवळ माचणूरला भीमेकाठी चार वर्षं तळ ठोकून बसला होता, त्यावर अजून एक ओळ आलेली नाही तुमच्याकडं, आणि पुण्या-साताऱ्याचं मात्र दर रविवारी असतं. तेवढं बघा.

आपला,
एक नियमित वाचक, जुळे सोलापूर