गाडी आधी फाटकातून आत आली पाहिजे

इंदूर

चि. सईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू पाठवलेले मोटरसायकलींचे फोटो पाहिले. सगळ्याच गाड्या गोल दिव्याच्या, सगळ्याच देखण्या, आणि प्रत्येकीखाली तू बदाम टाकलेला. अशाने निवड कशी व्हायची? फोनवर बोलता आलं असतं, पण फोन स्पीकरवर टाकला की बाबा मधूनच ‘बुलेट घे, बुलेट’ सुरू करतात आणि मुद्दा बाजूलाच राहतो. म्हणून निवांत लिहायला बसले आहे.

‘मोटरसायकल कशाला, घरात स्कूटर आहे की’ हे वाक्य या पत्रात येणार नाही, काळजी करू नकोस. ते आत्याकडून येईल. ऑफिस, भाजी, बँक सगळं स्कूटरवर भागतं हे तुलाही कळतं. तुला गाडी हवी आहे ती चालवायला मजा यावी म्हणून, आणि पैसेही तुझ्याच पगारातले. मग मजेचाच हिशोब नीट मांडू. लोकांचे हिशोब मांडण्यातच माझा दिवस जातो, आज तुझा मांडते.

म्हैसूरचं ट्रेनिंग संपलं की तुझं ऑफिस सुपर कॉरिडॉरला. म्हणजे सुदामा नगरातून निघायचं, फूटी कोठी, चंदन नगर, कालानी नगर, मग विमानतळावरून पुढे कॉरिडॉर. दहा-बारा किलोमीटर असेल. शेवटचा रुंद तुकडा सोडला तर काटा पन्नासच्या वर जायला जागाच नाही. ई-रिक्षा मधेच थांबते, गाय मधेच बसते, आणि सिग्नल हिरवा व्हायच्या आत मागचा हॉर्न ठेवून देतो. संध्याकाळी छप्पन दुकान किंवा राजवाडा. सराफ्यात तर गाडी लांब लावून चालतच जावं लागतं. रविवारी फार तर सिमरोल-चोरल, नाहीतर महूवरून जानापाव. तेव्हा जी गाडी वीस ते पन्नासच्या वेगात आनंद देईल ती तुझ्या कामाची.

म्हणून पहिली काट त्या ट्रायम्फ स्पीड ४०० वर मारते. गाडी वाईट नाही. चाळीस पीएसची, म्हणजे साधारण चाळीस हॉर्सपॉवरची ताकद, वजन १८० किलोच्या आत, चाकणला बजाजकडे तयार होते. पण ती ताकद चंदन नगरात काढायची कुठे? आणि कॉरिडॉरच्या मोकळ्या रस्त्यावर तू ती काढशील, हे मला पक्कं ठाऊक आहे. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि त्यापुढच्यांवर थेट ४० टक्के बसला. तू पाठवलेली गाडी ३९८ सीसीची आहे. शोरूमवाले किंमत कशी जुळवतात ते त्यांचं ते बघतील, पण सरकारनेच रेघ इतकी ठळक मारून दिली आहे तर आपण तिच्या अलीकडेच राहू.

आता रेट्रोबद्दल, म्हणजे जुन्या वळणाच्या रूपाबद्दल. या नावाने जे विकतात त्यात निम्मं सोंग असतं. क्रोमचा मुलामा, टाकीवरचे पट्टे, शिवण घातल्यासारखी सीट, त्याला माझी हरकत नाही. डोळ्यांनाही काही हवंच. पण उरलेलं निम्मं खरं आहे आणि ते बसण्यात आहे. या गाड्यांवर पाठ ताठ राहते, हँडल उंच आणि रुंद असल्याने मनगटांवर भार येत नाही, समोरचा रस्ता नीट दिसतो. वाकून बसायच्या गाडीवर महिनाभर ऑफिसला गेलीस तर मान धरून घरी येशील.

खरेपणाचा दुसरा भाग इंजिनात आहे. रॉयल एनफिल्डच्या हल्लीच्या ३४९ सीसी इंजिनात सिलिंडरचा व्यास ७२ मिलिमीटर आहे आणि पिस्टनची धाव ८५.८. धाव लांब, म्हणून इंजिन सावकाश फिरतं पण खालूनच जोर देतं. २७ न्यूटन-मीटरचा पुरा टॉर्क, म्हणजे ओढायचा जोर, मिनिटाला ४००० फेऱ्यांवरच हाती येतो. ताकद म्हणशील तर वीस बीएचपी, म्हणजे जवळपास तेवढेच पीएस. कागदावर हे आकडे फिके दिसतात. रस्त्यावर त्यांचा अर्थ एवढाच की तिसऱ्या गिअरमध्ये टाकून कालानी नगरची गर्दी पार करता येते, सारखा क्लच दाबून डावा हात भरून येत नाही. होंडाच्या सीबी ३५० चीही जात तीच, धाव तर आणखी लांब.

पण सई, हे सगळे गुण गाडी चालू असतानाचे. गाडी बंद असतानाचं काय, ते कुणी सांगत नाही. आपलं फाटक आठव. आधी नालीवरची फरशी, मग तो हातभर चढ, आणि आत शिरल्या शिरल्या डावीकडे तुळशीवृंदावन. रात्री नऊला दमून आलीस की गाडी त्या चढावरून आत घ्यायची आणि सकाळी उलटी, मागे बघत, उतरवायची. आपली स्कूटर एकशेपाच-दहा किलोची आहे. एनफिल्डची क्लासिक ३५० आहे १९५ किलोची.

हे नुसतं बोलायचं म्हणून बोलत नाही. परवा बँकेतून येताना एका शोरूममध्ये शिरले. पर्समध्ये शिवणाची टेप होती. पोऱ्या मोठ्या अदबीने म्हणाला, ‘‘मॅडम, भैया के लिए देख रहे हो?’’ म्हटलं, ‘‘बेटी के लिए.’’ तसा तो मला स्कूटरच्या रांगेकडे न्यायला लागला. मी त्याला परत आणला आणि बाहेर उतारावर उभी असलेली क्लासिक स्टँडवरून काढायला लावली. हँडल माझ्या हातात, गाडी बंद, न्यूट्रलमध्ये. पुढे ढकलताना काही वाटलं नाही. मागे घेताना मात्र टाचा फरशीवरून सरकायला लागल्या, आणि गाडी किंचित डावीकडे कलली तेव्हा तिचा सगळा भार मांडीवर आला. पोऱ्याने धावत येऊन मागचं कडं धरलं. नंतर एनफिल्डचीच हंटर ३५० तशीच मागे घेतली. ती १८१ किलोची. चौदाच किलोंचा फरक, पण मला ती एकटीला आवरली. टेपने हँडलही मोजून घेतली आहेत, फाटकातून सगळ्या जातात.

सीटच्या उंचीचंही तसंच. हंटर ७९० मिलिमीटर, क्लासिक ८०५, टीव्हीएस रोनिन ७९५ असं पत्रकात छापलेलं असतं. तुझ्या पाच फूट दोनला नुसत्या उंचीने काही कळणार नाही, सीट मांडीपाशी किती रुंद आहे तेही पाहावं लागेल. रुंद सीट पाय फाकवते आणि जमीन तितकी लांब जाते. निदान दोन्ही चवडे पुरते टेकायला हवेत. आणि बघायला जाशील तेव्हा ऑफिसच्याच चपला-बूट घालून जा; उंच टाचेचे घालून पाय टेकवलेस तर तो पुरावा धरला जाणार नाही.

हंटरची दोन्ही चाकं १७ इंचांची आहेत, क्लासिकची पुढे १९, मागे १८. लहान चाकाची गाडी गल्लीत पटकन वळते, मोठ्या चाकाची हायवेवर नाकासमोर चालते. तुझ्या वाट्याला गल्ल्या जास्त. २०२२ ची, पहिली हंटर मागून कडक आहे, खड्ड्यात पाठीला बसते, अशी ओरड होती. २०२५ च्या गाडीत मागचं सस्पेन्शन बदललं आणि क्लचही हलका केला. त्यामुळे कुणी जुनी हंटर स्वस्तात देत असेल तर आधी खड्ड्यातून चालवून बघायची.

जावा ४२ चा फोटो तू सगळ्यांत वर ठेवला होतास, तेव्हा तिच्याविषयी जरा जास्त लिहिते. तू आत्ता ज्या गावात आहेस तिथेच आयडियल जावाचा कारखाना होता. १९६१ पासून तिथे जावा आणि पुढे येझदी तयार होत होत्या, १९९६ ला तो बंद पडला. २०१८ मध्ये हे नाव परत आलं ते आपल्या पीथमपूरमधून. महिंद्राच्या आवारात या गाड्या तयार होतात, आपल्या घरापासून तासाभराच्या आत. बाबांना हे सांगितल्यावर बुलेटवरून त्यांचं मन उडालं आणि जुनी येझदीच घेऊ म्हणायला लागले. तिची किक आणि गिअर एकाच दांडीवर असायची. दांडी फिरवून वर घेतली की किक, खाली आणली की गिअर. शिवाय पेट्रोलमध्ये ऑइल मोजून टाकायचं. हौस म्हणून अंगणात ठेवायला छान, सकाळी साडेआठला ऑफिसला निघायला नको. नव्या जावाचं तसं नाही. इंजिन पाण्याने थंड होणारं, म्हणजे मे महिन्यात पलासियाच्या सिग्नलला उभं राहताना बरं, आणि ताकद सत्तावीस पीएसच्या घरात. पण ते इंजिन वर फिरवलं की खुलतं, खालच्या फेऱ्यांत एनफिल्डसारखं रेंगाळू देत नाही. वजन १८४. चालवून बघ, नाव कापत नाही.

दादाच्या मित्राची यामाहा आरएक्स १०० मात्र डोक्यातून काढ. १९८५ ते १९९६ एवढीच वर्षं ती तयार झाली, म्हणजे सगळ्यात नवी गाडीसुद्धा तुझ्याहून मोठी. दोन्ही ब्रेक ड्रमचे, एबीएसचा (करकचून ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी सोय) प्रश्नच नाही. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणी नव्याने करून घ्यायची, आणि त्या गाडीचा भाव आता गाडीपेक्षा आठवणींनाच जास्त लागतो. तो पैसा सुट्या भागांच्या शोधात सियागंजला हेलपाटे घालण्यात जाईल ते वेगळंच.

अ‍ॅव्हरेजवरून तू आणि बाबा वाद घालत होतात, तोही मिटवते. रोजचे चोवीस किलोमीटर, पंचवीस दिवस, म्हणजे महिन्याला सहाशे. लिटरला पस्तीस धरले तर सतरा लिटर, चाळीस धरले तर पंधरा. फरक दोन लिटरचा. आपल्याकडे पेट्रोल शंभराच्या वर आहे तरी दोनशे-सव्वादोनशे रुपयांची बाब. एवढ्यासाठी गाडी निवडायची नसते. खरा पैसा एक्स-शोरूम आणि ऑन-रोड यांच्यामध्ये जातो. पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा नव्या दुचाकीला सक्तीचाच आहे, आरटीओचा कर द्यावाच लागतो. पण त्याखाली ‘किट’, ‘कोटिंग’, ‘हँडलिंग’ असल्या ओळी आल्या की कागद माझ्याकडे पाठव.

जिथे पैसे वाचवायचे नाहीत तेही सांगते. काही गाड्यांच्या सगळ्यात स्वस्त प्रकारात एबीएस फक्त पुढच्या चाकाला असतं आणि मागे ड्रम. दोन्ही चाकांना असलेलीच घे. पावसाच्या पहिल्या सरीत आपल्या रस्त्यांवर ऑइल तरंगतं ते तुला माहीत आहे. आणि तारांची चाकं फोटोत कितीही गोड दिसोत, त्यात बहुतेक वेळा ट्यूब असते. भेरूघाटात ट्रकांच्या रांगेत पंक्चर झालं तर ट्यूब फसकन बसते, ट्यूबलेस टायर निदान पुढच्या दुकानापर्यंत आणतो. अलॉयची, म्हणजे तारा नसलेली ओतीव चाकं घे. हेल्मेट आयएसआयचं, आणि ते तू आलीस की डोक्यावर घालून बघूनच. शोरूमवाले फुकट देतात ते मागच्या माणसाला राहू दे, असं म्हणणार होते, पण मागचा माणूस मी आहे. तर दोन चांगली.

हो, मागे मी बसणार आहे, साडी नेसून, एका बाजूला. सारी गार्ड, म्हणजे चाकात साडी अडकू न देणारी ती जाळी, काढून टाकलं की गाडी उठून दिसते असं कुणी सांगितलं तरी ते काढायचं नाही.

माझं मत विचारशील तर रोनिन. २२५ सीसी, वीस पीएस, म्हणजे ताकद जवळपास हंटरएवढीच, आणि वजन १६० च्या आसपास. टॉर्क कमी आहे, गिअर थोडे जास्त बदलावे लागतील. रूपही पुरतं जुन्या वळणाचं नाही. त्या गोल दिव्यात मधोमध टी काढलेला आहे, तो मला काही आवडलेला नाही. पण आपल्या फाटकाच्या चढावर वीस किलो कमी म्हणजे काय ते मी हाताने बघितलं आहे. चालवून झाल्यावर तुला हंटर आवडली तर मी भांडणार नाही. कावासाकी डब्ल्यू १७५ तर १३५ किलोचीच आहे, पण तिची तेरा पीएस मला मागे बसवून जानापावच्या चढावर दमतील. क्लासिकवर एकदा बसून घे, आरशात बघ, आणि खाली उतर.

हे सगळं ठरण्याआधी एक गोष्ट राहिली आहे, आणि तुझ्या ती ध्यानातच नाही. तुझं लायसन्स विदाउट गिअरचं आहे. अठराव्या वर्षी घाईत स्कूटरवर परीक्षा देऊन आलीस ते. त्या लायसन्सवर कुठलाही शोरूम टेस्ट राइड देणार नाही, आणि उद्या काही लागलं-खुपलं तर विमा कंपनी पहिलं तेच बघेल. सारथी या परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर जाऊन गिअरच्या मोटरसायकलसाठी लर्निंगचा अर्ज कर. लर्निंग मिळाल्यापासून ३० दिवस झाल्याशिवाय पक्कं मिळत नाही, म्हणजे आत्ता भरलास तर तू येईपर्यंत दिवस भरत येतील. सरावाला बाबांची शंभर सीसीची काढून ठेवते. चेन सैल आहे, ती उद्याच ताणून घेते. अर्ज आज रात्रीच भर. तुझ्या आधारला अजून घरचाच नंबर जोडलेला आहे, ओटीपी बाबांच्या फोनवर येईल. ते साडेदहाला झोपतात.

तुझी,
आई