एकविसाव्या कार्बनची गोष्ट सांगणाऱ्या बाईंना अनावृत पत्र

दांडिया बाजार, बडोदे

आदरणीय बाई,

सा. न. वि. वि.

तुमचे आभार समक्ष मानू लागले की तुम्ही विषय बदलता आणि चिरंजीवांची उंची किती वाढली ते विचारता, म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे. दुसरेही एक कारण आहे. कंजेनिटल अ‍ॅड्रिनल हायपरप्लेझिया हा मूत्रपिंडांवरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींचा जन्मजात आजार साधारणपणे पंधरा हजार जन्मांमागे एका बाळाला होतो, आणि ज्या घरात तो येतो त्या घरात बहुधा कोणीही त्याचे नाव पूर्वी ऐकलेले नसते. अशा एखाद्या घरी हे पत्र वाचले गेले, तर तुम्ही आम्हाला जे दिलेत त्यातले थोडे त्यांच्याही पदरात पडेल.

आमचा मुलगा जन्मला तेव्हा त्याच्यात काहीही वावगे दिसले नव्हते. या आजारात मुलींच्या बाह्य जननेंद्रियांची ठेवण वेगळी दिसते आणि त्यामुळे जन्मतःच शंका येते. मुलांच्या बाबतीत तशी खूण बहुतेक वेळा नसते. दुसऱ्या आठवड्यात त्याला उलट्या सुरू झाल्या, वजन घटू लागले, रक्तातले सोडियम खाली गेले आणि पोटॅशियम वर चढले. डॉक्टरांनी वेळेवर ओळखले, या आजारात रक्तात साचणाऱ्या सतरा-हायड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉनची तपासणी करून घेतली आणि मूल वाचवले. त्यांचे ऋण वेगळे आहे आणि ते मी जन्मभर मानीन. परंतु आम्ही घरी परतलो ते हायड्रोकॉर्टिसोन आणि फ्लुड्रोकॉर्टिसोन अशी दोन औषधे घेऊन, आणि ती आयुष्यभर द्यायची आहेत हे वाक्य घेऊन. मी वाणिज्य शाखेचा माणूस. एवढ्याशा जिवाला स्टेरॉइड का द्यायचे, असे नातेवाईक विचारू लागले तेव्हा त्यांना उत्तर देण्याइतकेही ज्ञान माझ्यापाशी नव्हते.

तेव्हा आमच्या गल्लीत सर्वजण ज्यांना नुसते ‘बाई’ म्हणतात, त्या जीवरसायनशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिका, म्हणजे तुम्ही, आमच्याकडे स्वतःहून आलात. आल्या आल्या तुम्ही एक गोष्ट स्पष्ट केलीत: औषध किती आणि कसे द्यायचे यावर तुम्ही एक शब्दही बोलणार नाही, तो डॉक्टरांचा अधिकार आहे, औषध शरीरात जाऊन काय करते, एवढेच तुम्ही सांगाल. ही मर्यादा तुम्ही आजतागायत पाळली आहे, आणि म्हणूनच तुमच्या सांगण्यावर आमचा इतका विश्वास बसला.

गेल्या वर्षीच्या दिनदर्शिकेचे एक पान उलटे करून तुम्ही त्यावर पेन्सिलीने चार वलये काढलीत, तीन षटकोनी आणि एक पंचकोनी, एकमेकांना चिकटलेली. सगळ्या स्टेरॉइडांचा सांगाडा हाच, असे सांगून तुम्ही कार्बनांना क्रमांक घातलेत. सत्तावीस कार्बनांच्या कोलेस्टेरॉलपासून सुरुवात होते. पेशीतल्या मायटोकाँड्रियात त्याच्या शेपटीचे सहा कार्बन तोडले जातात आणि एकवीस कार्बनांचे प्रेग्नेनोलोन उरते. त्यानंतर एकेक एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन, एकेका ठरावीक जागी काम करते. कोणी सतराव्या कार्बनवर ऑक्सिजन आणि हायड्रोजनची जोडी बसवते, कोणी एकविसाव्यावर, कोणी अकराव्यावर, आणि शेवटी ताण सोसायला लागणारे कॉर्टिसोल हे संप्रेरक तयार होते. मग तुम्ही एकविसाव्या कार्बनभोवती लाल शाईने वर्तुळ काढलेत आणि म्हणालात, “तुमच्या मुलाचे सगळे दुखणे या एका जागी आहे.”

एवढ्या मोठ्या आजाराला इतकी नेमकी जागा असते, हे त्या क्षणापर्यंत माझ्या ध्यानीमनी नव्हते. पाटाच्या एका चारीचे दार बंद झाले की पाणी शेजारच्या शेतात शिरते, तसे हे आहे असे तुम्ही सांगितलेत. २१-हायड्रॉक्सिलेज हे एन्झाइम काम करीत नसल्यामुळे कॉर्टिसोल बनत नाही. कॉर्टिसोल कमी पडले हे पाहून मेंदूच्या तळाची पियुषिका ग्रंथी एसीटीएच हे संप्रेरक अधिकाधिक सोडत राहते. त्या तगाद्याने अ‍ॅड्रिनल ग्रंथी वाढतात आणि जोमाने कच्चा माल तयार करतात. आणि तो माल पुढे सरकू न शकल्याने पुरुषी संप्रेरकांच्या वाटेने वळतो. मीठ राखणारे अल्डोस्टेरॉनही याच एन्झाइमवर अवलंबून आहे. एक एन्झाइम नाही म्हणून दोन संप्रेरके नाहीत, आणि म्हणून औषधेही दोन: कॉर्टिसोलच्या जागी हायड्रोकॉर्टिसोन, अल्डोस्टेरॉनच्या जागी फ्लुड्रोकॉर्टिसोन. हा हिशेब माझ्यासारख्या जमाखर्च पाहणाऱ्या माणसाला तत्काळ पटला.

काही दिवसांनी तुम्ही तुमच्या संशोधनाच्या काळातली वही दाखवलीत. पिवळ्या पडलेल्या पानांवर थिन लेअर क्रोमॅटोग्राफीच्या, म्हणजे मिश्रणातले पदार्थ वेगळे करून दाखवणाऱ्या पद्धतीच्या, पट्ट्या पेन्सिलीने गिरवून ठेवलेल्या होत्या. भल्या पहाटे खाटीकखान्यातून शेळीच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी बर्फात घालून आणायच्या, त्या थंडच ठेवून वाटायच्या, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून पेशींचा तो सूक्ष्म अंश वेगळा करायचा ज्यात हे एन्झाइम असते, आणि त्यात प्रोजेस्टेरॉन मिसळायचे. थोड्या वेळाने त्या मिश्रणाचा थेंब पट्टीवर चढवला की अतिनील दिव्याखाली हिरवट उजेडात दोन काळे ठिपके दिसतात: वरचा प्रोजेस्टेरॉनचा आणि त्याच्या खालचा, एकविसाव्या कार्बनवर जोडी बसल्यामुळे पट्टीवरच्या सिलिकाला अधिक चिकटून मागे राहिलेल्या डीऑक्सीकॉर्टिकोस्टेरॉनचा. जे काम माझ्या मुलाच्या शरीरात होत नाही, ते झाल्याचा पुरावा मी त्या पानावर बोट ठेवून पाहिला. पुस्तकातल्या कुठल्याही आकृतीने मला इतके कळले नसते.

तुमच्या विषयाचा इतिहास तुम्ही ज्या आपुलकीने सांगता त्याचाही उल्लेख केला पाहिजे. पी-४५० या कुळातल्या एन्झाइमांचे नेमके काम काय, हे जगाला प्रथम कळले ते याच २१-हायड्रॉक्सिलेजमुळे. एस्टाब्रुक, कूपर आणि रोझेनथाल यांनी १९६३ साली गुरांच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींवर प्रयोग केला. कार्बन मोनॉक्साइडने थांबलेली एकविसाव्या कार्बनवरची ही क्रिया ४५० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाश टाकताच सर्वांत चांगली पुन्हा सुरू होते, असे त्यांनी दाखवले. त्याआधी १९५० मध्ये अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या डॉक्टर लॉसन विल्किन्स यांनी या आजारात कॉर्टिसोन, म्हणजे शरीरात गेल्यावर ज्याचे कॉर्टिसोल होते ते औषध, देऊन पाहिले आणि ग्रंथींचा तो अनावर जोम ओसरला. पण कॉर्टिसोन मिळवणे तेव्हा महाकठीण होते. मर्क कंपनीत लुईस सॅरेट यांनी ते बैलांच्या पित्तापासून तीसहून अधिक पायऱ्यांनी बनवले होते, कारण पित्तातल्या रेणूत ऑक्सिजन असतो बाराव्या कार्बनवर आणि हवा असतो अकराव्यावर. १९५२ मध्ये अपजॉन कंपनीच्या पीटरसन आणि मरे यांना असे दिसले की रायझोपस नावाची बुरशी प्रोजेस्टेरॉनच्या अकराव्या कार्बनवर एकाच पायरीत ऑक्सिजन बसवते. मग औषध स्वस्त झाले. आज आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानातून मी जी गोळी आणतो, तिच्यामागे एका बुरशीच्या एन्झाइमचे श्रेय आहे, हे मला तुमच्यामुळे माहीत आहे.

या ज्ञानाचा रोजच्या व्यवहारात उपयोग काय, असे कोणी विचारील. उपयोग फार मोठा आहे. व्यायामशाळेतली काही मुले चोरून घेतात ते स्टेरॉइड वेगळे, आणि शरीर स्वतः बनवते तेच हायड्रोकॉर्टिसोन (म्हणजेच कॉर्टिसोल), शरीराच्या गरजेच्या आसपासच्या मात्रेत देणे वेगळे, हे मी आता नातेवाइकांना शांतपणे सांगू शकतो. रक्तातले कॉर्टिसोल दीड-दोन तासांत निम्मे होते, म्हणून गोळी तीन वेळा विभागून द्यायची आणि वेळ चुकवायची नाही, हे आमच्या घरात आता कोणालाही बजावावे लागत नाही. ताप आला की निरोगी माणसाच्या ग्रंथी आपोआप जास्त कॉर्टिसोल सोडतात. आमच्या मुलाच्या ग्रंथींना ते जमत नाही, म्हणून डॉक्टरांनी लिहून दिल्याप्रमाणे मात्रा दुप्पट-तिप्पट करायची आणि गोळी उलटून पडत असेल तर इंजेक्शनासाठी धावायचे. यातले कारण ठाऊक असल्यामुळे मध्यरात्रीही आमचे हात थरथरत नाहीत.

माझ्या आईने खोकल्यावर ज्येष्ठमध उगाळला तेव्हा तुम्ही तिला थांबवलेत, तेही किती हळुवारपणे! मूत्रपिंडात एक एन्झाइम कॉर्टिसोलचे कॉर्टिसोन करून टाकते आणि अल्डोस्टेरॉनची जागा कॉर्टिसोलने बळकावू नये याची काळजी घेते. ज्येष्ठमधातले ग्लायसिरायझिन शरीरात गेल्यावर नेमके त्याच एन्झाइमला अडवते, मग अंगात मीठ-पाणी साठते, पोटॅशियम उतरते आणि रक्तदाब चढतो. आयुर्वेदाला एकही उणा शब्द न बोलता, या मुलाच्या औषधांबरोबर ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, एवढेच तुम्ही म्हणालात आणि आईने सहाण उचलून ठेवली.

पण सर्वांत मोठे उपकार वेगळेच आहेत. हा दोष कोणाच्या घराण्यातून आला यावरून आमच्या घरात कुजबुज सुरू झाली होती, आणि माझी पत्नी आतल्या आत खचत होती. तुम्ही सर्वांना एकत्र बसवून सांगितलेत की हे जनुक सहाव्या गुणसूत्रावर असते, त्याच्या शेजारीच त्याची हुबेहूब पण निकामी प्रत असते, आणि त्या प्रतीतले दोष चालू जनुकात उतरतात. मूल आजारी होण्यासाठी आई आणि वडील दोघांकडूनही सदोष प्रत यावी लागते, आणि ज्यांच्याकडे अशी एकच प्रत असते त्यांना तिचा पत्ताही नसतो. अर्धे माझे, अर्धे तिचे. त्यानंतर ती कुजबुज थांबली ती कायमची.

आता एक विनंती. तुम्ही काढलेले ते पान मी प्लास्टिकच्या आवरणात जपून ठेवले आहे. आमच्या डॉक्टरांनी ते पाहिले आणि तपासणीला येणाऱ्या इतर पालकांना दाखवण्यासाठी त्याच्या प्रती मिळतील का, असे विचारले. तुमची संमती असेल तर मराठी, गुजराती आणि हिंदी अशा तिन्ही भाषांत नावे घालून ते नीट छापून घेण्याचा खर्च मी करीन. मजकूर मात्र तुम्हीच तपासून द्यावा. रविवारी सकाळी चिरंजीवांना घेऊन येतो, तेव्हा कळवावे.

आपला ऋणी,
एक पालक