वरचा स्पीकर लावण्याआधी सोफा आणि स्लॅब पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सणासुदीच्या सवलतींच्या जाहिरातींत हल्ली छताला लावायच्या स्पीकरचे संच ठळकपणे दिसतात. घरी ५.१ चा, म्हणजे पाच स्पीकर आणि खर्जाचा आवाज देणारा एक सबवूफर असा जुना संच असतोच. त्याला वरचे दोन-चार स्पीकर जोडले की चित्रपटातला पाऊस डोक्यावर पडेल, विमान सोफ्यावरून जाईल, अशी ग्राहकाची अपेक्षा असते. ती रास्त आहे. नीट बसवलेल्या वरच्या स्पीकरमुळे छोट्याशा हॉललाही उंची येते. पण मुंबईतल्या घरांत ते पुष्कळदा चुकीच्या जागी बसतात, आणि कधी कधी त्यांच्यापायी स्लॅबला नको तिथे भोक पाडले जाते. म्हणून हे सविस्तर पत्र.

पहिली तपासणी रिसीव्हरची, म्हणजे सगळ्या स्पीकरना आवाज वाटून देणाऱ्या यंत्राची. वरून येणारा आवाजही वेगळा नोंदवणारे डॉल्बी ॲटमॉस हे तंत्र चित्रपटगृहांत २०१२ साली आले आणि घरगुती रिसीव्हरमध्ये २०१४ साली. त्याआधीचा रिसीव्हर कितीही दणकट असला, तरी ॲटमॉसमधला वरच्या स्पीकरचा वेगळा आवाज त्याला काढताच येत नाही. अशा वेळी काही जण वरचे स्पीकर सराउंड, म्हणजे बाजूच्या, स्पीकरच्या तारांनाच समांतर जोडून देतात. आठ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की रोध निम्मा होतो आणि रिसीव्हरवर चार ओहमचा जड भार पडतो. रिसीव्हर तापतो, आवाज वाढवला की बंद पडतो, आणि इतके करून वरून ऐकू येतो तो बाजूचाच आवाज. ५.१.२ मधला शेवटचा आकडा वरच्या स्पीकरचा. त्यासाठी सात ॲम्प्लिफायरचा (सबवूफर सोडून प्रत्येक स्पीकरला एक) रिसीव्हर पुरतो, ५.१.४ ला नऊ लागतात, ७.१.४ ला अकरा. खोक्यावरचे ‘७.२’ पाहून घाई करू नये. त्या सातांपैकी दोन ॲम्प्लिफायर वरच्या स्पीकरना देता येतात का, हे माहितीपुस्तिकेत वाचावे.

दुसरी गोष्ट कुणी सांगत नाही, म्हणून इथे जोर देऊन सांगतो. ५.१ चे सराउंड स्पीकर आपल्याकडे सर्रास भिंतीवर सात-आठ फुटांवर ठोकलेले असतात, कारण खाली कपाट किंवा खिडकी असते. ते तसेच ठेवून छताला आणखी दोन लावले, तर वरच्या आणि बाजूच्या आवाजात फरकच उरत नाही. उंची कानाला कळते ती खालच्या आवाजाशी तुलना करून. म्हणून बाजूचे स्पीकर आधी खाली आणावेत: बसलेल्या माणसाच्या कानाच्या पातळीला, फार तर फूटभर वर. भिंतीला जागा नसेल तर स्टँड घ्यावा. हा बदल न करता वरचे स्पीकर विकत घेणे म्हणजे पैसे वाया घालवणे आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आता माप. सोफ्यावर नेहमीसारखे बसून कान जमिनीपासून किती उंच येतो ते टेपने मोजा. साधारण साडेतीन फूट भरते. गादीवर बसणाऱ्या घरात अडीचच्या आसपास. छत साडेनऊ फुटांवर असेल तर कान आणि छत यांत सहा फुटांचे अंतर राहिले. सगळा हिशेब या सहावर चालतो. चार स्पीकर लावायचे तर पुढची जोडी कानापासून ४५ अंशांवर हवी, म्हणजे कानाच्या सरळ वरच्या बिंदूपासून सहा फूट पुढे. मागची तितकीच मागे. दोनच लावायचे तर ते कानाच्या किंचित पुढे, जवळपास ८० अंशांवर, म्हणजे सहा फुटांच्या हिशेबात एखादा फूट पुढे. डावा-उजवा स्पीकर टीव्हीशेजारच्या डाव्या-उजव्या स्पीकरच्या रेषेत असावा. दहा फुटी हॉलमध्ये पुढचे स्पीकर सहा फूट अंतरावर असतील, तर वरचेही सहा फुटांवर, बाजूच्या भिंतींपासून दोन-दोन फूट सोडून. छतावर खूण करून ओळंबा सोडला की जागा अचूक कळते. नजरेच्या अंदाजाने खूण केली की चार-सहा इंच हमखास चुकतात.

इथेच मुंबईच्या घराचा प्रश्न येतो. हॉल दहा बाय चौदाचा आणि सोफा मागच्या भिंतीला टेकलेला. मग मागची जोडी लावणार कुठे? तिच्यासाठी सोफ्याच्या मागे निदान सव्वाचार फूट मोकळे लागतात. तेवढे नसतील आणि तरीही चार स्पीकर बसवले, तर मागचे दोन बरोबर डोक्यावर येतात, पुढचे दोन त्यांच्याशी भांडतात, आणि आवाज मागून पुढे सरकण्याऐवजी डोक्यावर गोळा होतो. भिंतीला टेकलेल्या सोफ्यासाठी दोनच स्पीकर योग्य आहेत. चारांचा खर्च वाचवून त्यातले काही पैसे बऱ्या सबवूफरवर घालावेत. सोफ्याच्या जागेची चौकशी न करता चारांचा संच गळ्यात मारणाऱ्या दुकानदारांनी ही एवढी विचारपूस तरी करावी.

छताला हात न लावता वर तोंड केलेले स्पीकर पुढच्या स्पीकरवर ठेवण्याचा मार्गही आहे. त्यांचा आवाज छताला आपटून खाली येतो. त्यासाठी छत सपाट, टणक आणि साधारण साडेसात ते बारा फुटांवर असावे लागते. आपल्या हॉलमध्ये अडचण असते ती पंख्याची. स्पीकर आणि कान एकाच उंचीवर असतील तर आवाज छताला आपटतो तो दोघांच्या बरोबर मधोमध, आणि हॉलचा पंखाही साधारण तिथेच लटकतो. पाती फिरताना तो आवाज तुटतो, विखुरतो. तिथे बीम किंवा पीओपीची नक्षी असली तरी तेच. दादर-गिरगावच्या जुन्या इमारतींत तुळया आणि वासे उघडे असतील, तर हा मार्ग सोडून द्यावा. सपाट स्लॅब असेल, पंखा बाजूला असेल आणि घर भाड्याचे असेल, तर मात्र हाच मार्ग सोयीचा.

भाडेकरूंना आणखी एक पर्याय आहे: पुढच्या भिंतीवर छताला लागून दोन छोटे स्पीकर, तोंड खाली झुकवून. जमिनीपासून नऊ फुटांवर लावले आणि सोफा त्या भिंतीपासून नऊ फुटांच्या आत असला, तर कानाशी ३० अंशांचा कोन मिळतो. तो किमान आहे. सोफा लांब गेला की परिणाम विरतो. रिसीव्हरमध्ये अशा स्पीकरची नोंद ‘फ्रंट हाइट’ अशी करावी, ‘टॉप मिडल’ अशी नाही.

आता सर्वांत गंभीर विषय, स्लॅबचा. अनेक नव्या टॉवरमध्ये स्लॅबच्या आत ताणलेल्या पोलादी केबल असतात. त्याला पोस्ट-टेन्शन स्लॅब म्हणतात. ड्रिलने अशी केबल तुटली तर ती प्रचंड जोराने सुटू शकते, माणूस जखमी होऊ शकतो आणि स्लॅबची ताकद कमी होते. आपला स्लॅब कोणत्या जातीचा आहे हे सोसायटीच्या कार्यालयातून किंवा बिल्डरकडून लेखी कळल्याशिवाय भोक पाडू नये. साध्या स्लॅबमध्येही विजेचे पीव्हीसी पाइप आतून गेलेले असतात आणि ते पंख्याच्या पेटीकडे कसेही तिरपे धावतात. तार शोधणारे डिटेक्टर वायरमनकडे असते. ते फिरवावे आणि खोलीचा एमसीबी बंद करूनच ड्रिल चालवावे. बीमच्या खालच्या बाजूला तर हात लावू नये; मुख्य सळ्या तिथेच असतात. पंख्याच्या हुकाला स्पीकर अडकवू नये.

छताला प्लॅस्टिकची गिट्टी चालत नाही. भिंतीवर वजन आडवे येते, छताला ते सरळ खाली ओढते, वर आवाजाची थरथर. गिट्टी हळूहळू सैल होते. धातूचे अँकर फास्टनर वापरावेत. स्पीकरच्या पाठीवरची किल्लीच्या भोकासारखी खाच भिंतीसाठी असते. त्या खाचेवर छताला स्पीकर टांगला तर तो सरकून पडतो. आटे असलेला ब्रॅकेट घ्यावा आणि स्पीकरला पोलादी बारीक दोरी बांधून ती वेगळ्या फास्टनरला अडकवावी. ब्रॅकेट सुटला तरी स्पीकर कुणाच्या डोक्यात पडणार नाही. वरळी, वांद्रे, वर्सोवा अशा समुद्राजवळच्या घरांत स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच हवेत. साधे स्क्रू खाऱ्या हवेत लवकर गंजतात.

फॉल्स सीलिंग होणार असेल तर काम फारच सोपे, पण बोर्ड चढण्याआधी तारा टाकलेल्या हव्यात. आज दोनच स्पीकर लावणार असलात तरी तारा चार जागी टाका. बोर्ड लागल्यावर तार ओढणे म्हणजे पुन्हा तोडफोड. प्रत्येक जागी तीन फूट तार गुंडाळून ठेवा, तिच्यावर चिठ्ठी लावा आणि टेप भिंतीला धरून फोटो काढा. भिंतीतून खाली येणारा २५ मिमीचा पाइप टाका आणि त्यात ओढतार सोडून ठेवा. जिप्समचा बोर्ड ज्यांवर बसतो त्या पत्र्याच्या पट्ट्या साधारण दीड-दीड फुटावर असतात. ठरलेल्या जागी पट्टी आली तर दोन्ही स्पीकर सारखेच चार-सहा इंच सरकवावेत, एकटा नव्हे. साडेसहा इंची स्पीकरचे भोक आठ इंचांच्या आसपास असते आणि वर चार-पाच इंच खोली लागते. कापण्याआधी मधोमध बारीक छिद्र पाडून त्यात वाकवलेली तार फिरवून पाहावी; पाइप, एसीची नळी किंवा स्प्रिंकलरची लाइन असेल तर ती लगेच अडते. जिप्समचा बोर्ड सुबक कापला जातो. पीओपीचे छत मात्र कडेने तडकते आणि स्पीकरच्या पकडीखाली भुगा होते. तिथे आतून प्लायची गोल कडी बसवावी. आपल्याकडे वरच्या मजल्याच्या बाथरूममधून गळती होते, तेव्हा कागदी पडद्याऐवजी पॉलिप्रॉपिलीनच्या (एक प्रकारच्या प्लॅस्टिकच्या) पडद्याचा स्पीकर घेतलेला बरा.

तारेत बचत करू नये. दीड चौरस मिमीची शुद्ध तांब्याची दुपदरी तार पुरते; आठ ओहमच्या स्पीकरला पन्नास फुटांपर्यंत काही अडचण नाही. चौदा फुटी हॉलमध्ये टीव्हीच्या कपाटापासून एका स्पीकरला गुंडाळीसह २२ ते २५ फूट लागतात, म्हणजे चारांना शंभर फूट. लोहार चाळ किंवा लॅमिंग्टन रोडवर तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तारही मिळते, दिसायला अगदी तशीच. ब्लेडने एक धागा खरवडून पाहा. आत पांढरे दिसले तर घेऊ नका. स्पीकरची तार विजेच्या पाइपातून नेणे धोक्याचे आहे. दोन्ही शेजारून जात असतील तर फूटभर अंतर ठेवावे, ओलांडायचे असेल तर काटकोनात. जोडताना अधिक-उणे उलटे झाले तर आवाज जागेवर ठरत नाही, पसरट वाटतो. जाळी लावण्याआधी, तार रिसीव्हरला जोडलेली नसताना, दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवून पाहा: अधिकला अधिक लावल्यावर पडदा बाहेर यायला हवा.

सेटिंग करताना रिसीव्हरला स्पीकरची खरी जागा सांगावी लागते. छतावरच्या स्पीकरसाठी वर तोंड केलेल्या स्पीकरचा पर्याय निवडला, तर आवाजाला नको ती चाळणी लागते. रिसीव्हरचा मोजणीचा माइक स्टँडवर, कानाच्या उंचीला. सोफ्याच्या पाठीवर ठेवू नये. पंखा, एसी बंद. नंतर रिसीव्हरने काढलेली अंतरे टेपशी ताडून पाहावीत. वरचे स्पीकर ‘लार्ज’ नोंदले गेले असतील तर ‘स्मॉल’ करून १०० ते १२० हर्ट्झच्या खालचा आवाज सबवूफरकडे वळवावा. वरचा आवाज मुद्दाम वाढवण्याचा मोह टाळावा. चित्रपटात वरून सतत काही येत नाही. जेव्हा येते तेव्हाच ते उठून दिसावे. टीव्हीतून आवाज नेत असाल तर टीव्हीच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये ‘पीसीएम’ऐवजी ‘पास-थ्रू’ किंवा ‘बिटस्ट्रीम’ असावे. टीव्हीचा आवाज एचडीएमआयच्या तारेतून रिसीव्हरकडे नेणारी सोय म्हणजे एआरसी. साध्या एआरसीवरून ऑनलाइन सेवांचे ॲटमॉस येते. ब्ल्यू-रे डिस्कवरचे ट्रूएचडी ॲटमॉस टीव्हीमार्गे न्यायचे तर तिची सुधारित आवृत्ती, ईएआरसी, लागते. रिसीव्हरच्या डिस्प्लेवर ‘ॲटमॉस’ अक्षरे उमटली नाहीत, तर दोष स्पीकरचा नसून या साखळीचा असतो.

शेवटी शेजाऱ्यांबद्दल. स्लॅबला घट्ट आवळलेला स्पीकर वरच्या घराच्या जमिनीलाही थरथरवतो. ब्रॅकेट आणि स्लॅब यांत रबराची चकती घालावी, फॉल्स सीलिंगमधल्या स्पीकरमागे बंद पेटी बसवावी. निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे. त्या वेळेत रिसीव्हरचा नाइट मोड लावला की संवाद ऐकू येतात आणि स्फोट दबतात.

बिल्डर आणि सोसायट्यांना आमची विनंती आहे: घराचा ताबा देताना स्लॅबचा प्रकार आणि त्यातल्या विजेच्या पाइपांचा नकाशा रहिवाशाला द्यावा, त्याची एक प्रत सोसायटीच्या कार्यालयात ठेवावी, आणि ड्रिल घेऊन येणाऱ्या प्रत्येक कारागिराला ती दाखवूनच वर सोडावे.

आपले,
घरगुती ध्वनियंत्रणेचे काम करणारे तंत्रज्ञ,
लालबाग, मुंबई