गच्चीवरील वेल्डिंगच्या कामाबाबत अध्यक्षांना पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष,
व्यवस्थापन समिती

विषय : ‘बी’ विंगच्या गच्चीवर असुरक्षितपणे चाललेले वेल्डिंग व गॅस कटिंगचे काम तत्काळ थांबवण्याबाबत.
संदर्भ : याच विषयावरील माझे पूर्वीचे अर्ज व त्यांवर मारलेला ‘नोंद घेतली’ हा शेरा.

महोदय,

स.न.वि.वि.

‘बी’ विंगच्या सर्वांत वरच्या मजल्यावरील सभासदांनी गच्चीवर लोखंडी शेडचा सांगाडा उभारायला घेतल्यापासून मी समितीकडे तोंडी आणि लेखी तक्रार करत आलो आहे. शेजाऱ्यांशी वैर धरण्याचा माझा स्वभाव नाही, हे आपण जाणता. शेड होऊच नये, असेही माझे म्हणणे नाही. मात्र ज्या रीतीने हे काम चालले आहे, त्या रीतीने ते यापुढे एक दिवसही चालू नये, एवढे सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

बाहेरच्या दुरुस्तीसाठी आपल्या इमारतीला सध्या परांची बांधलेली आहे आणि तिच्यावर वरपासून खालपर्यंत हिरवी जाळी ताणलेली आहे. गच्चीच्या कठड्यालगत शेडचे चॅनेल (लोखंडी पट्ट्या) कापले जातात, तेव्हा त्यांतून उडणारे लोखंडाचे तापलेले थेंब याच जाळीवर पडतात. माझ्या गॅलरीसमोर जाळीला काळ्या कडांची भोके पडली आहेत आणि आत वाळत घातलेल्या चादरीत मोहरीएवढा लोखंडाचा मणी कापड जाळून रुतून बसलेला मिळाला. ती चादर मी सचिवांना दाखवली, तेव्हा त्यांनी ती भरून मिळेल, असे सांगितले. माझी तक्रार चादरीची नव्हती. पोलाद वितळते ते सुमारे १,५०० अंश सेल्सिअसला आणि पॉलिथिनची जाळी वितळायला दीडशे अंशही लागत नाहीत, हे मी त्यांना त्याच वेळी सांगितले होते.

मागील सभेत आपण मला विचारलेत की, काम उघड्या गच्चीवर आहे, तिथे पेटण्यासारखे आहेच काय? त्याचे उत्तर मला सभेत पुरे करू दिले गेले नाही, म्हणून ते इथे देतो. धोका जिथे काम चालते तिथल्यापेक्षा जिथे ठिणगी जाऊन पडते तिथे अधिक असतो. जर्मनीत ड्युसेलडॉर्फच्या विमानतळावर ११ एप्रिल १९९६ रोजी टर्मिनलच्या वरून जाणाऱ्या रस्त्यावर, म्हणजे उघड्यावरच, वेल्डिंग चालू होते. तप्त कण सांध्याच्या फटीतून खाली गेले, छताच्या पोकळीतल्या थर्मोकोलसारख्या आवरणाने पेट घेतला आणि खालच्या इमारतीतली १७ माणसे गेली. आपल्या दोन्ही विंगांच्या मधल्या एक्स्पान्शन जॉइंटमध्ये, म्हणजे मुद्दाम सोडलेल्या फटीत, थर्मोकोलच भरलेले आहे, त्यावरचा पत्रा दोन ठिकाणी उचकटलेला आहे आणि वेल्डिंगचे मशीन नेमके त्याच्या शेजारी मांडलेले आहे. आपण स्वतः वर जाऊन एकदा पाहावे, ही विनंती मी पूर्वीही केली होती.

जाळीबद्दल तर याहून स्पष्ट उदाहरण आहे. शांघायमध्ये १५ नोव्हेंबर २०१० रोजी दुरुस्तीसाठी परांची बांधलेल्या एका २८ मजली निवासी इमारतीला वेल्डिंगच्या ठिणग्यांनी आग लागली. वेल्डरांकडे परवाना नव्हता, परांचीवरची जाळी आणि इन्सुलेशनचा फोम पेटत गेला आणि ५८ जणांचा मृत्यू झाला. ती माणसेही आपल्यासारखी आपापल्या घरातच होती.

आता सिलिंडरविषयी. कटिंगसाठी वापरला जाणारा एलपीजीचा सिलिंडर अनेकदा आडवा पडलेला असतो. तो उभाच ठेवावा लागतो, कारण आडव्या सिलिंडरमधून वायूऐवजी द्रव बाहेर येतो आणि रेग्युलेटर त्यासाठी बनवलेला नसतो. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने गळती झाली, तर तो वर उडून जात नाही. डक्टमध्ये आणि लिफ्टच्या खड्ड्यात उतरून साचतो. नळीचा जोड क्लॅम्पऐवजी तारेने आवळलेला आहे आणि ज्योत उलटी नळीत शिरू नये म्हणून असणारा फ्लॅशबॅक अरेस्टर कुठेही दिसत नाही. ऑक्सिजनचा व्हॉल्व्ह तेलकट चिंधीने पुसला जाताना मी पाहिले आहे. दाबाखालचा शुद्ध ऑक्सिजन आणि तेल किंवा ग्रीस एकत्र आले की ठिणगीवाचूनही पेट घेऊ शकतो, हे तो व्हॉल्व्ह पुसणाऱ्या मुलाला कोणी सांगितलेलेच नाही आणि त्यात त्याचा दोष नाही.

वेल्डिंग मशीनच्या परतीच्या केबलचा क्लॅम्प कामाच्या तुकड्याला लावण्याऐवजी आपल्या अग्निशमनाच्या पाइपला अडकवलेला असतो. तो प्रवाह मग पाइप, कठडा, सळ्या अशा मिळेल त्या वाटेने फिरतो आणि जिथे जोड सैल असेल तिथे लोखंड तापते; ते ठिकाण कामापासून लांबही असू शकते. सचिव म्हणतात की, वर अग्निशामक ठेवलेला आहे. आहे खरा, पण तो चौथ्या मजल्यावरच्या जिन्यातून उचलून नेलेला आहे आणि तिथली खुंटी तेव्हापासून रिकामी आहे. चौथ्या मजल्यावरच्या दोन्ही कुटुंबांनी यावर नाराजी व्यक्त केली आहे. त्यांना लेखी काही द्यायचे नाही, एवढेच.

याच सभासदांनी गेल्या वर्षी खिडक्यांच्या जाळ्या जिन्याच्या लँडिंगवर कापून व वेल्डिंग करून घेतल्या होत्या. ग्राइंडरला गार्ड नव्हते आणि शाळेतून येणारी मुले आर्ककडे, म्हणजे वेल्डिंगच्या प्रखर झोताकडे, बघत उभी राहत. आर्कच्या प्रकाशाने डोळ्यांना झालेली इजा त्या वेळी जाणवत नाही, काही तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग सुरू होते, हे मी तेव्हा सूचना फलकावर लावण्यासाठी लिहून दिले होते. तो कागद फलकावर लागला नाही. आजही वरचा मदतनीस टॅक (वेल्डिंगचे छोटे टाके) मारताना नुसती मान वळवून डोळे मिटतो. त्यालाही घर आहे. समिती त्याला आपला माणूस मानत नसेल, तरी तो आपल्या गच्चीवर काम करतो आहे.

उपविधींनुसार कोणत्याही बांधकामातील बदलाला समितीची लेखी परवानगी लागते. ती दिली गेली असेल, तर तीत आगीबाबत एकही अट का नाही, याचे उत्तर समितीने द्यायचे आहे. या विंगमधले बहुतेक सभासद माझ्याशी सहमत आहेत. समोर येऊन बोलण्याचा संकोच त्यांना आहे, मला नाही.

म्हणून विनंती अशी की, काम तूर्त बंद ठेवून गच्चीची किल्ली समितीने आपल्या ताब्यात घ्यावी. पुन्हा सुरू करताना त्या त्या दिवसाची लेखी परवानगी जागा पाहूनच द्यावी. ठिणग्या ३५ फुटांपर्यंत उडतात असे धरून तेवढ्या अंतरातले जळाऊ सामान हलवावे किंवा न जळणाऱ्या कापडाने झाकावे, कठड्यालगतची जाळी सोडवावी आणि फट बंद करावी. चौथ्या मजल्यावरचा अग्निशामक आजच जागेवर यावा व ठेकेदाराने स्वतःचा आणावा. काम थांबल्यावर किमान तासभर कोणीतरी पहारा ठेवला पाहिजे, कारण फटीत पडलेली ठिणगी धुमसत राहते आणि माणसे निघून गेल्यावर पेटते. हा पहारा ज्यांची शेड आहे त्या सभासदांनी स्वतः करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

या पत्राची नोंद इतिवृत्तात घ्यावी आणि लेखी उत्तर पुढचे कटिंग सुरू होण्यापूर्वी द्यावे. तसे न झाल्यास हेच पत्र छायाचित्रांसह मी अग्निशमन दलाच्या कार्यालयात देणार आहे.

आपला,
सभासद, ‘बी’ विंग, सहावा मजला

सोबत : जाळी, क्लॅम्प व सिलिंडर यांची छायाचित्रे.