आवडलेलं पुस्तक दुसऱ्याच्या हाती देताना : आई-बाबांना पत्र

ती. आई आणि बाबा यांना,
साष्टांग नमस्कार.

सोसायटीतल्या मंडळींनी महिन्यातून एकदा खालच्या हॉलमध्ये जमून आपापल्या आवडत्या पुस्तकांबद्दल बोलायचं ठरवलं आणि सुरुवात करून द्यायचं काम तुम्हा दोघांकडे आलं, हे फार छान झालं. फोनवर हे सगळं नीट सांगता येणार नाही, म्हणून लिहून पाठवते आहे. ग्रंथालयात रोज पुस्तकं देता-घेता जे कळतं, ते तुमच्या कामाचं आहे.

आधी मुख्य गोष्ट. पुस्तक का आवडलं हे सांगायला त्याचं कथानक सांगत बसू नका, त्यातलं एक पान वाचून दाखवा. कथानक कळलं की ऐकणाऱ्याचं कुतूहल तिथेच भागतं आणि पुस्तक हातात घ्यायचं राहून जातं. पान ऐकलं की लिहिणाऱ्याची बोलण्याची लकब कानात बसते आणि पुढे काय, हे स्वतः वाचून बघावंसं वाटतं. बाबा, तुम्हाला कुठलीही हकिकत पहिल्यापासून क्रमाने सांगायला आवडते, पण इथे तेवढं आवरावं लागेल. कोण बोलतंय आणि कुठे, एवढी दोन वाक्यं सांगायची आणि वाचायला लागायचं.

पान कसं निवडायचं? नेहमीच्या आकाराच्या पुस्तकाच्या एका पानावर साधारण अडीचशे ते तीनशे शब्द असतात. सावकाश, ऐकू येईल असं वाचलं तर त्याला अडीच-तीन मिनिटं लागतात. दीड-दोन पानांच्या पुढे जाऊ नये, लोकांचं लक्ष ढळतं. एक छोटा प्रसंग सुरू होऊन तिथेच पुरा होतो, असा तुकडा शोधा. चारपेक्षा जास्त माणसांची नावं येत असतील तर तो सोडा, कारण ऐकणाऱ्याला मागचं पान उलटून बघता येत नाही. प्रस्तावना आणि मलपृष्ठ तर मुळीच वाचू नका. त्यात लेखकाचे पुरस्कार असतात, लेखन नसतं. घरी घड्याळ लावून दोनदा मोठ्याने वाचा. जिथे जीभ अडखळते तिथे पेन्सिलीने बारीक तिरकी रेघ मारा, श्वास तिथे घ्यायचा. आई, पोथी वाचताना तू एक ठरावीक लय धरतेस, ती इथे नको. संवाद आला की थांबून, बोलल्यासारखं वाच.

पहिल्या बैठकीला ‘श्यामची आई’ घ्यावं असं मला वाटतं. नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली साने गुरुजींनी त्याचा बराच भाग लिहिला. पुस्तक बेचाळीस रात्रींचं आहे आणि प्रत्येक रात्र स्वतंत्रपणे वाचता येते, त्यामुळे बैठकीसाठी ते फार सोयीचं. पण सगळे अपेक्षेने बसतात तो रडवणारा भाग मुद्दाम टाळा. ‘अळणी भाजी’ घ्या. भाजीत मीठ पडलेलं नाही, वडील त्याबद्दल काही न बोलता जेवतात, मुलंही गप्प राहतात, आणि शेवटी आई जेवायला बसते तेव्हा तिला कळतं. एवढंच घडतं. लोकांना हे पुस्तक का आवडतं, याचं उत्तर इथे सापडतं : घरातल्या माणसांनी एकमेकांचं मन कसं राखलं, हे इथे उपदेशाआधी जेवणाच्या पानावर दिसतं. हे ऐकल्यावर आपल्या घरची एखादी आठवण सांगितल्याशिवाय कुणाला राहवणार नाही. ती सांगू द्या, मात्र प्रत्येकी दोन मिनिटं.

‘व्यक्ती आणि वल्ली’चं वेगळं आहे. पु. लं.च्या या व्यक्तिचित्रांच्या पुस्तकाला १९६५चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, पण आपल्याकडे ते वाचण्याइतकंच ऐकून पाठ झालेलं आहे. त्यामुळे कुणीतरी पुढची वाक्यं आधीच म्हणून टाकतं आणि वाचणारा हिरमुसतो. उपाय असा, की ज्यांचे प्रयोग फारसे कानावर पडत नाहीत अशी माणसं निवडायची. नंदा प्रधान घ्या, लखू रिसबूड घ्या. ‘अंतू बर्वा’ घ्यायचाच असेल तर तुकडा तोडू नका, पूर्ण वाचा. सुरुवातीची पानं हशा पिकवतात आणि शेवटाकडे त्या तिरकस बोलण्यामागचा एकटा म्हातारा दिसायला लागतो. मध्येच थांबलात तर नुसता विनोद हाती लागतो आणि लेखकावर अन्याय होतो. दोघांनी अर्धं अर्धं वाटून घेतलं तर घसा बसत नाही.

व्यंकटेश माडगूळकरांचं ‘बनगरवाडी’ (१९५५) जाड पुस्तकाला घाबरणाऱ्यांसाठी उत्तम, दीडशे पानांच्याही आत संपतं. औंध संस्थानातल्या धनगरांच्या वाडीत नवा मास्तर जातो, एवढं सांगून पहिली दोन पानं वाचा. सुरुवात सहसा वाचू नये असं माझं मत आहे, पण इथे पहाटेच्या वाटेवर मास्तरासोबत ऐकणाराही वाडीत पोचतो. माडगूळकर विशेषणं फार जपून वापरतात. दुष्काळ येतो तेव्हाही ते हळहळत नाहीत, माणसं आणि मेंढरं काय करतात तेवढं सांगतात. या पुस्तकाचे वाचक ते पुन्हा पुन्हा नेतात, त्याचं कारण हा संयम आहे असं मला मनापासून वाटतं. शेवट मात्र बैठकीत फोडू नका.

बायकांच्या गटात, आणि खरं तर पुरुषांच्याही, लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ वाचलंच जावं. १९३४पासून ते भागाभागाने छापलं गेलं. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईंचं हे गद्य आहे आणि आजही त्यातलं एकही वाक्य जुनं वाटत नाही. वडिलांच्या कडक सोवळ्याच्या आठवणी सुरुवातीलाच येतात, तिथलं एखादं पान घ्या, सगळे खळखळून हसतील. मग पुढे, १८९५ साली त्यांचे पती रेव्हरंड टिळक ख्रिस्ती झाले त्यानंतरच्या ताटातुटीचं पान घ्या. दोन्ही पानांची भाषा तीच, तितकीच सरळ. दुःख सांगताना त्या आवाज चढवत नाहीत, आणि दोन पानं लागोपाठ ऐकली तरच हे जाणवतं. या पुस्तकाच्या संक्षिप्त आवृत्त्याही बाजारात आहेत. घेताना आतलं पान उघडून ‘संक्षिप्त’ असं छापलेलं नाही ना ते बघा, नाहीतर दोघांकडच्या प्रतींची पानं जुळत नाहीत आणि बैठकीत शोधाशोध होते.

हीच अडचण ‘माझा प्रवास’ची, जरा मोठी. वरसईचे विष्णुभट गोडसे दक्षिणा मिळवायला उत्तरेत गेले आणि १८५७च्या धामधुमीत सापडले. झाशीला वेढा पडला तेव्हा ते गावातच होते. १९०७ साली चिंतामणराव वैद्यांनी पुस्तक छापलं ते पुष्कळ फेरफार करून. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली आवृत्ती काढली. भटजींची स्वतःची बोली ऐकायची असेल तर पोतदारांची प्रत शोधा. झाशीचा भाग सगळे वाचतात. तुम्ही परतीचा भाग वाचा, जिथे ते गंगेची कावड खांद्यावरून घरी आणून आई-वडिलांना स्नान घालतात.

जाड कादंबऱ्यांचा प्रश्न येणारच. कुणीतरी ‘मृत्युंजय’ सुचवणार. ती १९६७ची, सातशेच्या वर पानं. एका महिन्यात वाचून या म्हटलं तर निम्मे लोक बैठकीलाच यायचे नाहीत. शिवाजी सावंतांनी तिचे नऊ भाग केले आहेत आणि सहा जणांच्या तोंडून ती सांगितली आहे, त्याचा फायदा घ्या. कर्णाचा एक, वृषालीचा एक, कृष्णाचा एक असे भाग वेगवेगळ्या माणसांना वाटून द्या आणि प्रत्येकाने आपल्या निवेदकाच्या बाजूने बोलायचं. त्याच बैठकीला दुसऱ्या कुणालातरी इरावती कर्व्यांच्या ‘युगान्त’मधला कर्णावरचा लेख वाचायला सांगा. सावंतांचा कर्ण वाचकाच्या काळजाला हात घालतो, इरावतीबाई त्याच कर्णाला थंडपणे तपासतात, त्याच्या चुका दाखवतात. एकच माणूस दोन पुस्तकांत इतका वेगळा कसा, यावर तासभर सहज बोलणं होईल. पण ही बैठक चौथी-पाचवी असू द्या. माणसं एकमेकांना सरावलेली नसताना महाभारतावरून वाद झाला तर तो पुस्तकाचा राहत नाही.

दया पवारांचं दलित आत्मकथन ‘बलुतं’ (१९७८) यादीत हवं. काहीजण कुरकुरतील, “या वयात कशाला असलं वाचायचं” म्हणतील. त्यांच्याशी वाद न घालता पान वाचा. दया पवार आणि दगडू मारुती पवार, एकाच माणसाची दोन नावं एकमेकांसमोर बसून बोलतात तो सुरुवातीचा भाग, किंवा मुंबईतल्या कावाखान्याच्या वर्णनाचं एखादं पान. आपण ज्या शहरात आयुष्य काढलं, त्याच शहरातली ही वस्ती आपल्याला कधी दिसली नाही, हे ऐकताना ज्याचं त्याला कळतं.

दुर्गाबाई भागवतांचं ‘ऋतुचक्र’ बारा महिन्यांचं असल्यामुळे दर बैठकीच्या शेवटी त्या त्या महिन्याचं अर्धं पान वाचता येईल. भाषा दाट आहे, घाईने वाचू नका.

वाचून झाल्यावर “कसं वाटलं?” असं विचारू नका. “छान” एवढंच उत्तर येतं आणि शांतता पसरते. त्यापेक्षा, यातला कोण ओळखीचा वाटला, कुठल्या वाक्यापाशी थांबावंसं वाटलं, हे पुस्तक कुणाला द्याल आणि कुणाला अजिबात देणार नाही, असं विचारा. शेवटच्या प्रश्नाला सगळ्यात मोकळी उत्तरं मिळतात. कुणाला पुस्तक आवडलं नसेल तर त्यालाही पान दाखवायला सांगा. “कंटाळवाणं” म्हणणारा माणूस पान उघडून वाचू लागला की नेमकं काय खटकलं ते त्यालाही स्पष्ट होतं, आणि ज्याचं ते आवडतं पुस्तक आहे त्याचं मनही दुखावत नाही.

आठ ते बारा माणसं, दीड तास, तिघांचं वाचन, एवढंच ठेवा. वाचताना पंखा बंद करा, कारण श्रवणयंत्र लावणाऱ्यांना त्या घरघरीतून शब्द निवडता येत नाहीत. वाचणाऱ्याच्या तोंडावर उजेड हवा, ओठ दिसले की अर्धं काम होतं. पण पुस्तकावर उजेड मागून, खांद्यावरून पडू द्या. समोरून आला तर गुळगुळीत कागद चमकतो आणि मोतीबिंदू असलेल्यांना अक्षर दिसत नाही. बारीक टाइपाचा त्रास होत असेल तर टॅबलेटवर अक्षर मोठं करून वाचा. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो. साने गुरुजी १९५० साली गेले, लक्ष्मीबाई १९३६ साली, त्यामुळे त्यांची पुस्तकं आंतरजालावर मोफत ठेवायला आणि उतरवून घ्यायला कायद्याची आडकाठी नाही. बाकीच्यांची विकत घ्या किंवा वाचनालयातून आणा.

देवघेवीची वही पहिल्याच दिवशी करा. तारीख, पुस्तक, आवृत्तीचं साल, कुणाचं, कुणी नेलं, कधी आणलं, एवढे रकाने पुरेत. वाचून होवो न होवो, पुढच्या बैठकीला पुस्तक परत आणायचंच आणि हवं असेल तर पुन्हा नोंद करून न्यायचं. पुस्तकं हरवतात ती चोरीने नाही. नेणारा कौतुकाने ते भाच्याला किंवा शेजारणीला देतो आणि मग कुणालाच आठवत नाही, म्हणून परस्पर पुढे द्यायचं नाही हे आधीच सांगून टाका. मालकाचं नाव मऊ पेन्सिलीने मागच्या कव्हराच्या आत लिहा. सही असलेली किंवा आता न मिळणारी प्रत फिरवू नका, ती बैठकीत दाखवा आणि घरी घेऊन जा.

बाबा, तुमच्या कपाटातल्या साठ-सत्तरच्या दशकातल्या प्रती देताना विशेष जपा. तो कागद आम्लामुळे ठिसूळ झालेला असतो, कोपरा दुमडला की तुकडाच हातात येतो. खुणेला दोन बोटं रुंदीची साध्या कागदाची पट्टी घाला. चिकटणाऱ्या रंगीत चिठ्ठ्यांचा गोंद मागे राहतो आणि त्यावर धूळ बसते. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका, काही वर्षांत तो पिवळा पडून अक्षरांवर डाग सोडतो. पुठ्ठा सुटला असेल तर बाइंडरकडे द्या आणि खळीत मोरचूद घालायला सांगा, नुसत्या मैद्याच्या खळीला कसर लागते. मोरचूद विषारी असतं, म्हणून हे घरी करायला जाऊ नका.

पुढच्या आठवड्यात येताना मी पोतदारांची ‘माझा प्रवास’ची प्रत घेऊन येते. आई, तोवर तू ‘स्मृतिचित्रे’तली ती दोन पानं काढून ठेव आणि एकदा बाबांना वाचून दाखव. बाबांनी घड्याळ धरावं. एका पानाला तीन मिनिटांपेक्षा जास्त लागलं तर शेवटून कापू नका, सुरुवातीचा परिच्छेद गाळा.

तुमची,
लेक