सरपण विकणारा जनरल
संपादक साहेब, जनरल युलिसिस ग्रँट म्हटलं की सगळ्यांना अमेरिकेतलं यादवी युद्ध नि प्रेसिडेंट एवढंच आठवतं, मला मात्र त्याची बुडालेली शेती जास्त जवळची वाटते. १८५४ ला आर्मी सोडून सेंट लुइसजवळ शेती करायला गेला, ओंडके रचून घर बांधलं, जुना आर्मीचा कोट घालून शहरात सरपण विकत फिरायचा, आणि १८५७ च्या नाताळाच्या तोंडावर तर सोन्याचं घड्याळ गहाण टाकलं, २२ डॉलरला! तरी १८५९ मधे नावावरचा एकुलता एक गुलाम, विल्यम जोन्स, विकून पैसे करायचे सोडून त्याला सरळ मुक्त करून टाकलं (बायकोच्या माहेरचे गुलाम राबत होतेच म्हणा). पुढे दोनदा प्रेसिडेंट झाला, मग जगभर फिरताना १८७९ ला आपल्या मुंबईतही येऊन गेला.
- एक वाचक, सातारा